२८ आठवड्यांच्या बाळाचा मेंदू-एमआरआय: कधी, कसा आणि कशासाठी

पार्श्वभूमी

हे प्रकरण गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका कुटुंबाचे आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. अपुऱ्या दिवसांची बाळे एनआयसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून, घरी गेली की त्यांच्या वाढीवर लक्ष ठेवणाऱ्या ओपीडीत मी काम करतो. ही मुलगी तिथे पुढची दोन वर्षे येत राहिली.

आई २४ वर्षांची, पहिलटकरीण. खाणी बंद पडल्यावर वडिलांनी ट्रक विकला आणि ते औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामाला लागले. रजा घेतली की पगार कापला जाई, आणि पुढच्या प्रत्येक तारखेचा निर्णय घेताना ही गोष्ट आम्हाला धरून चालावी लागली.

मृगाचा पाऊस सुरू झाला होता. २८व्या आठवड्यात आईच्या अंगावरून पाणी गेले. घरच्यांना वाटले लघवी झाली असेल, आणि रात्र तशीच गेली. सकाळी ताप आला, पोट दुखू लागले, तेव्हा १०८ बोलावून तिला आधी जवळच्या केंद्रात आणि तिथून मोठ्या रुग्णालयात हलवले. प्रसूतीआधी स्टिरॉइडचे एकच इंजेक्शन देता आले, दुसऱ्याइतका वेळ कळांनी दिला नाही. मॅग्नेशियम सल्फेट मात्र सुरू झाले होते. मुलगी जन्मली तेव्हा वजन १०४० ग्रॅम होते.

या दोन औषधांचा संबंध थेट बाळाच्या मेंदूशी आहे. स्टिरॉइडने फुप्फुसे तयार होतात, शिवाय मेंदूतला रक्तस्रावही कमी होतो. मॅग्नेशियमने पुढे सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींत येणारे कायमचे अपंगत्व, होण्याची शक्यता घटते, म्हणूनच ३२ आठवड्यांआधी होऊ घातलेल्या प्रसूतीत ते देतात. मेंदूतल्या पाणी भरलेल्या नैसर्गिक पोकळ्यांच्या कडेला या वयात पेशी तयार करणारा एक थर असतो. त्यातल्या रक्तवाहिन्या अतिशय नाजूक असतात आणि पूर्ण दिवस भरत येईपर्यंत हा थर विरून जातो. पूर्ण दिवसांच्या बाळाला सहसा न होणारा रक्तस्राव २८ आठवड्यांच्या बाळाला होतो, तो याच थरातून. आईला ताप आणि गर्भजलाला संसर्ग असेल तर धोका आणखी वाढतो. त्या वयाच्या पांढऱ्या द्रव्यातल्या, म्हणजे मेंदूतले तंतू असलेल्या भागातल्या, पेशीही अर्ध्याकच्च्या असतात आणि प्राणवायूची कमतरता किंवा संसर्गाचा दाह त्यांना सोसत नाही.

बाळाला फुप्फुसे उघडी ठेवणारे सर्फॅक्टंट हे औषध दिले, काही दिवस सीपॅपवर, म्हणजे नाकातून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर ठेवले. तिसऱ्या दिवशीच्या सोनोग्राफीत डाव्या पोकळीत दुसऱ्या श्रेणीचा रक्तस्राव दिसला. १९७८ साली पॅपिल आणि सहकाऱ्यांनी आखलेली चार श्रेणींची पद्धत अजून वापरात आहे. त्यातली दुसरी श्रेणी म्हणजे रक्त पोकळीत उतरलेले आहे, पण पोकळी फुगलेली नाही. दहाव्या दिवशी चित्र तसेच होते. चौथ्या आठवड्यात डावी पोकळी किंचित रुंद दिसली आणि तिच्या कडेचा भाग जरा जास्त पांढरट. गळू किंवा पोकळ पुटी नव्हती.

अडचण

गर्भावस्थेपासून मोजून ३४ आठवडे भरले तेव्हा बाळ १६०० ग्रॅमचे झाले होते, वाटीचमच्याने दूध घेत होते, दिवसातले कित्येक तास आईच्या छातीशी कांगारू पद्धतीने राहत होते. घरी जायची तयारी चालली होती. त्याच आठवड्यात वडिलांनी विचारले, "डॉक्टर, सोनोग्राफीत डाव्या बाजूला काहीतरी आहे म्हणता. मग एमआरआय करूनच सोडा ना. एकदाच काय ते कळू दे."

प्रश्न रास्त होता. टाळूतून केलेली सोनोग्राफी म्हणजे खिडकीतून खोलीत डोकावणे: समोरचे नीट दिसते, कोपऱ्यातले राहून जाते. पोकळीतले रक्त आणि मोठ्या पुटी तिला सापडतात. पांढऱ्या द्रव्यात विखुरलेली बारीक इजा आणि डोक्याच्या मागच्या बाजूच्या लहान मेंदूतले (सेरिबेलम) छोटे रक्तस्राव तिच्या हातून बऱ्याचदा निसटतात. आणि आताच्या काळात मोठ्या पुटींपेक्षा ही विखुरलेली इजाच जास्त आढळते.

पण "एकदाच काय ते कळू दे" या अपेक्षेला एमआरआय पुरा पडत नाही. ही गोष्ट चित्र काढण्यापूर्वी आईवडिलांना समजावणे मला चित्राइतकेच महत्त्वाचे वाटते.

समोर असलेले पर्याय

एका नातेवाईकाने सीटी स्कॅन सुचवला होता, झटपट होतो म्हणून. तो आम्ही लगेच बाजूला ठेवला. बाळाच्या डोक्याला किरणोत्सर्ग द्यायचा आणि पांढऱ्या द्रव्यातली बारीक इजा तरीही दिसायची नाही, यात काही हशील नव्हते.

एमआरआय न करता सोनोग्राफी आणि नियमित तपासणीवर भागवणे हा पर्याय मात्र गांभीर्याने घेण्याजोगा होता. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०१५ साली सांगितले की अपुऱ्या दिवसांच्या प्रत्येक बाळाचा सरसकट एमआरआय करू नये. २०२० च्या अहवालातही भूमिका तीच आहे: ३० आठवडे किंवा त्याआधी जन्मलेल्यांची सोनोग्राफी सात ते दहा दिवसांत, मग चार ते सहा आठवड्यांनी आणि पुन्हा पूर्ण दिवस भरताना करावी, एमआरआय निवडक बाळांसाठी राखावा. याच बाजूने इंग्लंडमधला एक मोठा अभ्यासही आहे. ३३ आठवड्यांआधी जन्मलेल्या ५११ बाळांचा तो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्या बाळांची दोन्ही चित्रे काढली, पण कोणत्या आईवडिलांना कशाचा निकाल सांगायचा ते चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवले. एमआरआयचा निकाल ऐकलेल्या आयांची चिंता थोडी कमी झाली. भाकीत सोनोग्राफीपेक्षा बरे ठरले, पण फार नाही, आणि खर्च वाढला.

दुसऱ्या पारड्यात २००६ सालचा न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातला अभ्यास होता. त्यात १६७ बाळांचा पूर्ण दिवस भरताना एमआरआय केला होता. पांढऱ्या द्रव्यात मध्यम किंवा तीव्र दोष दिसलेल्या मुलांना दोन वर्षांच्या वयात हालचालींच्या आणि आकलनाच्या अडचणी बऱ्याच जास्त आढळल्या. तरीही सौम्य दोष असलेली पुष्कळ मुले ठीक होती, आणि चित्र चांगले असूनही काहींना त्रास होता. समूहाबद्दल चित्र पुष्कळ सांगते, एकट्या मुलाबद्दल बेताचे.

वडिलांची मागणी होती घरी जाण्यापूर्वी, म्हणजे ३५व्या आठवड्यात. शेवटचा पर्याय होता थांबण्याचा: प्रसूतीच्या मूळ तारखेच्या आसपास, दिवस भरल्यावर.

पहिला निर्णय: करायचा की नाही

आम्ही करायचा ठरवले. सोनोग्राफीत दोष एकाच बाजूला होता आणि चौथ्या आठवड्यात तो बदललेला दिसत होता, आईला संसर्ग झाला होता आणि स्टिरॉइड अर्धेच मिळाले होते. सोनोग्राफीतला संशय डाव्या कडेवर बोट ठेवत होता. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते, म्हणजे उद्या अडचण आलीच तर ती उजव्या हातापायात येणार. एमआरआयने ते पक्के झाले असते तर उपचारात बदल होणार होता, आणि माझ्या मते निवडीचा खरा निकष हाच. ज्या चित्राने पुढचे पाऊल बदलणार नाही, त्यासाठी लहान जिवाला इतक्या दूर नेऊ नये.

दुसरा निर्णय: कधी

यावर विभागात मतभेद झाले. लवकर करावा असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा बरोबर होता: पांढऱ्या द्रव्यातले ठिपक्यांसारखे डाग आधीच्या आठवड्यांत ठळक दिसतात आणि दिवस भरेपर्यंत पुसट होत जातात. शिवाय बाळ हाताशी आहे, घरी गेल्यावर येईलच याची खात्री काय?

पण आम्हाला हवे असलेले उत्तर ३५व्या आठवड्यात मिळणारच नव्हते. मेंदूकडून हातापायांकडे जाणारे तंतू एका अरुंद पट्ट्यातून उतरतात. त्याला अंतःसंपुटाची मागची बाजू म्हणतात. तिथल्या तंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण चढल्याचे चित्रात दिसू लागते ते ३६ आठवड्यांनंतर, आणि पूर्ण दिवसांच्या बाळात ते दोन्ही बाजूंना स्पष्ट दिसायला हवे. एका बाजूला दिसले आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर एका बाजूच्या अंगाला कमजोरी येण्याची ती ठळक खूण ठरते. याशिवाय १६०० ग्रॅमच्या बाळाला थंड खोलीत नेणे, श्वास थांबण्याचे झटके अजून पूर्ण गेले नसताना यंत्राच्या बोगद्यात ठेवणे, हेही होते.

म्हणून थांबलो. मग कॅलेंडर काढले आणि लक्षात आले की ४० आठवडे नेमके चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आठवड्यात भरतात. गोव्यात चवथ म्हणजे माणूस मूळ घरीच. त्या दिवसांत दिलेली तारीख चुकणार हे ठरलेलेच. चवथ सरल्यावर ४१वा आठवडा धरला आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या पडद्याची आणि कानाची तपासणी बसवली. वडिलांची एकच रजा गेली, आणि त्यामुळेच ते आले.

वाट पाहण्याच्या काळात हातावर हात ठेवून बसलो नाही. बाळाला कसे धरावे, कसे निजवावे, दोन्ही हात मध्यभागी कसे आणावे हे फिजिओथेरपिस्टने घरी सोडण्यापूर्वीच आईला शिकवले होते.

तिसरा निर्णय: झोपेचे औषध द्यायचे का

स्कॅन सेंटरचा नेहमीचा शिरस्ता ट्रायक्लोफॉसचे सिरप पाजण्याचा होता. आम्ही नको म्हटले. अपुऱ्या दिवसांच्या बाळात गुंगीच्या औषधाने श्वास थांबण्याचा धोका दिवस भरल्यानंतरही कित्येक आठवडे राहतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला पोटभर पाजून, घट्ट गुंडाळून नैसर्गिक झोपेत एमआरआय करता येतो. तंत्रज्ञ साशंक होता. त्या दिवशी दुपारची शेवटची वेळ आमच्यासाठी मोकळी ठेवली, म्हणजे मागे कोणी ताटकळणार नाही. घाई असेल तर ही पद्धत फसते.

प्रत्यक्ष स्कॅन

बाळ आले ते आजीच्या कुशीत, कुंची घालून. कुंचीला टिचबटणे होती. मनगटात काळ्या मण्यांच्या मनगट्या, पायांत चांदीचे वाळे, कमरेला करगोटा, कपाळावर आणि गालावर काजळाची तीट. हे सगळे उतरवायचे म्हटल्यावर आजीचा चेहरा पडला. मनगट्या बारशापासून एकदाही काढल्या नव्हत्या.

इथे नर्सबाईंनी काम फत्ते केले. त्या आजीला म्हणाल्या, "आजी, आत मोठे लोहचुंबक आहे. धातू आत गेला तर तापतो, बायला चटका बसेल. तुम्हीच आपल्या हातांनी काढा नि तुमच्याच ओटीत ठेवा. बाहेर आली की तुम्हीच घाला." आजीने स्वतः एकेक वस्तू काढून पदराला बांधली. काजळ ओल्या कापसाने पुसले, कारण काही काजळांत धातूचे कण असतात आणि त्याने डोळ्यांजवळचे चित्र बिघडते. ईसीजीच्या चिकटपट्ट्या, डायपरवरचे चिमटे, सगळे तपासले.

मागचे दूध मुद्दाम थोडे लांबवले होते, त्यामुळे भूक कडकडून लागलेली होती. आईने मंगळसूत्र आणि केसांतल्या पिना काढून शेजारच्या मंद उजेडाच्या खोलीत बाळाला पाजले. ढेकर काढली, कानांत मऊ बोळे आणि वरून आवाज अडवणारी बारकी टोपणे लावली. यंत्राचा खडखडाट शंभर डेसिबलच्या आसपास जातो, तेव्हा यात कसूर चालत नाही. मऊ सुती कापडात हात आत घेऊन गुंडाळले आणि पायाला एमआरआयमध्ये चालणारा ऑक्सिमीटर लावला. अर्धा तास काही न करता वाट पाहिली.

क्रम आधीच ठरवला होता: बाळ कधीही जागे होईल, म्हणून सगळ्यांत गरजेची चित्रे आधी. मायलिनसाठी टी-१ प्रकारचे चित्र, मग टी-२ प्रकारचे, मग जुन्या रक्ताच्या खुणा टिपणारे चित्र. तिसऱ्याच्या मध्यात बाळाने हालचाल केली आणि रडू लागले. तंत्रज्ञ सिरपच्या बाटलीकडे बघू लागला. आम्ही बाळाला बाहेर काढले, आईने पुन्हा पाजले, वीस-पंचवीस मिनिटांनी उरलेले चित्र पूर्ण झाले.

काय दिसले

डाव्या पोकळीच्या कडेला पांढऱ्या द्रव्यात लहानशी जखम आणि जुन्या रक्ताची खूण होती. त्या बाजूची पोकळी थोडी रुंद होती. उजव्या अंतःसंपुटात मायलिन छान उजळलेले, डाव्यात फिकट आणि तुटक. म्हणजे संशय खरा ठरला. त्याशिवाय लहान मेंदूच्या उजव्या भागात एक बारीक काळा ठिपका होता, जुन्या रक्तस्रावाचा. हा एकाही सोनोग्राफीत दिसला नव्हता.

कुटुंबाला सांगणे

आमचे ठरले होते की अहवाल आमच्याकडे येईल आणि दुसऱ्या दिवशी आम्ही आईवडिलांना एकत्र बसवून समजावू. सेंटरच्या खिडकीवर मात्र संध्याकाळीच छापील कागद वडिलांच्या हातात पडला. त्यातली "पेरिव्हेंट्रिक्युलर व्हाइट मॅटर इंज्युरी" (पोकळीच्या कडेच्या पांढऱ्या द्रव्यातली इजा) ही ओळ फोटो काढून दुबईतल्या मामाला गेली, मामाने इंटरनेटवर शोधले आणि रात्री घरात रडारड झाली.

सकाळी आईने बसल्याबसल्या विचारले, "डॉक्टर, माझी बाय चालायची नाही का?"

मी अहवाल बाजूला ठेवून आधी त्याचे उत्तर दिले. चालेल असे मला वाटते, आणि का वाटते तेही सांगितले: इजा एका बाजूची आहे, लहान आहे, आणि एका बाजूची इजा झालेली बहुतेक मुले चालतात. उजवा हात थोडा आळशी पडण्याची शक्यता मात्र खरी आहे. किती, ते आज कोणी सांगू शकणार नाही. त्यासाठी तिला हालताना पाहायला हवे.

लहान मेंदूतला ठिपका सांगावा की नाही यावर आधी चर्चा झाली होती. त्यावर उपचार नाही, त्याचा पुढे काय अर्थ होईल हेही नक्की नाही. एका सहकाऱ्याचे म्हणणे होते, उगाच काळजी कशाला वाढवायची. मला ते पटले नाही. कागद त्यांच्याच हातात आहे, उद्या दुसऱ्या डॉक्टरने वाचून दाखवला तर आमच्यावरचा विश्वास जाईल. सांगितले. आईने ते ऐकून घेतले आणि पुन्हा उजव्या हाताचा विषय काढला.

पुढची कारवाई

२०१७ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने सेरेब्रल पाल्सी लवकर ओळखण्याची दिशा आखून दिली. पाच महिन्यांच्या दुरुस्त वयाआधी (हे वय जन्मापासून नव्हे, प्रसूतीच्या मूळ तारखेपासून मोजतात) एमआरआयला दोन तपासण्यांची जोड द्यावी असे त्यात आहे. एक प्रेख्टल पद्धत, म्हणजे बाळाच्या आपोआप होणाऱ्या हालचाली व्हिडिओवर पाहणे. दुसरी हॅमरस्मिथ नावाची मज्जासंस्थेची तपासणी. एमआरआयची संवेदनशीलता, म्हणजे सेरेब्रल पाल्सी असलेल्या बाळांपैकी किती सापडतात ते प्रमाण, त्यात ८६ ते ८९ टक्के धरली आहे, आणि हालचालींच्या व्हिडिओची ९८ टक्के. महागड्या यंत्राहून चटईवर निजलेल्या बाळाचा तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ सरस ठरतो, हे आपल्याकडच्या प्रत्येक तालुक्यात पोहोचायला हवे.

तीन महिन्यांच्या दुरुस्त वयात केलेल्या व्हिडिओत त्या वयाच्या बारीक वळवळत्या हालचाली होत्या, हा मोठा दिलासा होता. पण उजव्या मनगटाची आणि बोटांची हालचाल डाव्यापेक्षा कमी होती. पाचव्या महिन्यात खुळखुळा दिला की डावाच हात पुढे येई. आजी कौतुकाने म्हणाली, "आजोबांवर गेली, डावखुरी."

वर्षाच्या आत बाळ एकच हात वापरू लागले तर ते डावखुरेपण समजू नये, दुसऱ्या हाताची तपासणी करावी. एमआरआय झाला नसता तर या घरात आणखी चार-सहा महिने कौतुकातच गेले असते.

त्याच महिन्यात डाव्या हाताला मऊ सुती मोजा घालून उजव्याने खेळवण्याची पद्धत सुरू केली: रोज अर्धा तास, आठवड्यातून सहा दिवस, सहा आठवडे, मग तेवढीच विश्रांती आणि पुन्हा सहा आठवडे. आईने ते निष्ठेने केले. खेळणी घरातलीच होती: नारळाची करवंटी, पत्र्याचा डबा, रंगीत बांगड्या. दर भेटीला बाळाला आणणे परवडणारे नव्हते, म्हणून मधल्या काळात आई फोनवर व्हिडिओ पाठवी आणि फिजिओथेरपिस्ट त्यावर सूचना देई.

निष्पत्ती

मुलगी दुरुस्त वयाच्या १६व्या महिन्यात चालू लागली. दोन वर्षांच्या तपासणीत उजव्या बाजूला सौम्य अर्धांगवात आहे असे निदान पक्के झाले. ती आधाराशिवाय चालते, धावताना उजवी टाच थोडी उचलली जाते. उजवा हात मदतनीस म्हणून वापरते: त्याने डबा धरते, डाव्याने झाकण काढते. शब्दांची जोडणी करते, कोंकणीत आणि मराठीत सरमिसळ. ऐकू नीट येते, नजर ठीक आहे.

उपचार लवकर सुरू केल्याने नेमका किती फरक पडला हे एका मुलीवरून सांगता येणार नाही. उपचार न केलेली तीच मुलगी आपल्यापाशी तुलनेला नाही.

काय वेगळे करता आले असते

कानामागच्या छोट्या टाळूतूनही सोनोग्राफी करता येते आणि तिथून लहान मेंदू चांगला दिसतो. ती केली असती तर लहान मेंदूतला ठिपका कदाचित आधीच सापडला असता. आता आमच्याकडे २८ आठवड्यांच्या आसपासच्या सगळ्या बाळांत ती केली जाते.

अहवाल खिडकीवर हातात पडणे पूर्ण टाळण्याजोगे होते. आता मागणीपत्रावरच लिहिलेले असते की अहवाल डॉक्टरांकडे पाठवावा, आणि कुटुंबाला भेटीची वेळ स्कॅनच्या आधीच दिलेली असते. त्याच दिवशी संध्याकाळची वेळ देता आली तर उत्तम, मधली रात्र वाचते.

मनगट्या आणि वाळ्यांची गोष्ट घरी सोडतानाच आजीशी बोलायला हवी होती. बाळाला रोज अंगाला लावणारी, न्हाऊ घालणारी, मोजा घालून बसवणारी ती आहे, आणि दोन महिने सगळ्या सूचना फक्त आईवडिलांना मिळत होत्या.

आणि सगळ्यांत मोठा फरक जिथे पडला असता ती जागा कुठल्याही स्कॅनच्या कितीतरी आधीची आहे. पाणी गेले त्याच रात्री ही आई निघाली असती, तर स्टिरॉइडचे दुसरे इंजेक्शन झाले असते आणि संसर्गावरचे औषधही लवकर सुरू झाले असते. अंगावरून पाणी जाणे आणि लघवी यांतला फरक, आणि शंका असली तरी रात्रीच १०८ ला फोन करणे, हे प्रत्येक गरोदर बाईला सातव्या महिन्याआधी सांगितले गेले पाहिजे. सत्तरीतल्या आमच्या पुढच्या बैठकीत अंगणवाडी सेविकांबरोबर हाच विषय घेतला आहे.

मुलीची पुढची भेट तिसऱ्या वाढदिवसानंतर आहे. तेव्हा घोट्याचा ताठरपणा मोजायचा आहे, पायपट्टी लागेल का ते ठरवायचे आहे, आणि अंगणवाडीत लक्ष लावून बसते का ते सेविकेकडून विचारून घ्यायचे आहे.